गाळलेलं सतरावं प्रकरण

इस्माईल,

तुझी शोकसभा झाली. टाऊन हॉलमध्येच झाली. तुला त्या हॉलचा किती राग होता हे मला माहीत आहे, पण दुसरीकडे एवढा मोठा फ्लेक्स मावला नसता. फ्लेक्सवर तुझा फोटो होता, फक्त तो शोधावा लागत होता. मधोमध अध्यक्ष हात जोडून उभे होते आणि उजव्या कोपऱ्यात, पाकिटावर तिकीट चिकटवावं तसा, तू होतास. तोही आधार कार्डावरचा. खाली 'शोकाकुल' म्हणून बावीस नावं. तू असतास तर चष्मा वर करून आधी ती मोजली असतीस आणि म्हणाला असतास, "यातल्या आठ जणाइले तं मी वळखतही नाही बे."

तुझ्या फोटोला हार घालायचा की नाही, यावर सभेआधी पंधरा मिनिटं चर्चा झाली. एक जण म्हणाला, त्यांच्यात चालत नाही. दुसऱ्यानं विचारलं, मग शाल? तिसरा म्हणाला, फोटोला शाल पांघरवायची कशी? शेवटी हार फोटोसमोर टेबलावर गोल करून ठेवला. त्यात माइकची वायर अडकली आणि मग जो भाषणाला उठे, तो तुझ्याबद्दल बोलताना हाराला सांभाळत बोले. तुझी लेक शबाना पहिल्या रांगेत बसली होती. तिनं एकदाच मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात तुझं ते दाबलेलं हसू होतं, अगदी तसंच. तुला पुरताना मी रडलो नव्हतो. तिथे रडलो.

अध्यक्ष आता नगरपालिकेचे अध्यक्ष नाहीत, पण आपल्या गावात पद गेलं तरी हाक जात नाही. ते शेवटी बोलले. तू त्यांचा धाकटा भाऊ होतास असं आम्हाला कळलं. मग त्यांनी जाहीर केलं, "इस्माईलभाईंची कादंबरी अप्रकाशित राहिली, ही या शहराला शोभणारी गोष्ट नाही. ती मी छापणार. आपल्या शहराच्या विकासाचा इतिहास त्यांनी त्यात लिहिलाय, असं माझ्या कानावर आलंय."

टाळ्या झाल्या. ती कादंबरी पूर्ण वाचलेले जगात दोनच जण, त्यातला एक कब्रस्तानात. दुसरा टाळ्या वाजवत होता. सवय, इस्माईल. चाळीस वर्षं नगरपालिकेत काढल्यावर हात आपोआप जुळतात.

हे लिहायला बसलोय ते त्या टाळ्यांमुळे. तुझी कादंबरी आता छापली जाईल असं दिसतं. ती तुझ्या गठ्ठ्यात होती तशी छापायची, की तू मुळात लिहिली होतीस तशी, हा प्रश्न माझ्या दारात येऊन बसला होता. तुझ्याशिवाय हे कोणाशी बोलू? आणि नेमकं तुझ्याशीच मी हे कधी बोललो नाही.

*

लोकांना तू मानपत्रवाला इस्माईल म्हणून माहीत होतास. कोणी निवृत्त होवो, निवडून येवो, पडो, साठीला पोचो, मानपत्र तुझ्या छापखान्यातून. मजकूर तू कधीतरी ऐन तारुण्यात एकदाच लिहिलास आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून तसाच बांधून ठेवलास. 'कर्तव्यदक्ष, दूरदृष्टीचे, दीनदुबळ्यांचे कैवारी' आणि मध्ये नावाची जागा मोकळी. नाव शेवटी बसवायचं. एकदा घाईत मागच्या मानपत्रातला पैलवानाचा परिच्छेद तसाच राहून गेला आणि कन्याशाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या मानपत्रात 'त्यांच्या पिळदार देहयष्टीने पंचक्रोशीचे नाव उज्ज्वल केले' असं छापलं गेलं. ते स्टेजवर मोठ्यानं वाचलं गेलं. कोणी हसलं नाही, कोणी दचकलं नाही, बाईंनी नमस्कार करून ते स्वीकारलं. त्या संध्याकाळी तू मला म्हणालास, "वसंता, या गावात काहीही लिहून छापता येते. ऐकतेच कोण?" त्याच आठवड्यात तू कादंबरीचं पहिलं पान लिहिलंस.

लिहिलंस कशावर, तर बिघडलेल्या मानपत्रांच्या पाठीवर. पुढे कोणाची तरी दूरदृष्टी, मागे तुझं सरकीपूर. हे आपलंच गाव, फक्त नाव बदललेलं. कापसाचं जिनिंग बंद पडलेल्या, जिनिंगच्या जागी मंगल कार्यालय आणि मंगल कार्यालयाच्या जागी कोचिंग क्लास आलेल्या गावाला दुसरं कोणतं नाव शोभलं असतं?

उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलेला तू, मराठी वाचायला शिकलास ती खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. तू म्हणायचास, म्हणूनच पुढाऱ्यांची मराठी आपल्याला सरळ समजते.

आपली ओळख झाली ती वाचनालयात. कापसाच्या अडत्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक बाकडं, एक पेपर. मी आतलं पान धरून बसलो होतो, बाहेरचं तू. बराच वेळ गेल्यावर तू म्हणालास, "भाऊ, तुमचं पाठ करून झालं असन तं आमाले वाचू द्या." मी नगरपालिकेत नवा कारकून होतो, त्यामुळे मला वाटलं माझा अपमान झाला. मग आपण खाली उतरून चहा प्यायलो आणि पुढे जन्मभर तोच चहा पीत राहिलो.

आणि ती जागा. बसस्थानकामागची. वाचनालयासाठी राखून ठेवलेली. तिथला पत्र्याचा बोर्ड तूच रंगवला होतास, 'सार्वजनिक वाचनालयाची नियोजित जागा', आणि 'वा'च्या कान्याला उगाच एक वेलबुट्टी काढली होतीस. तिथे बकऱ्या चरायच्या. आपण दोघं त्या मोकळ्या जागेत उभे राहून, खिडक्या कुठे येतील यावर भांडायचो. तुला उत्तरेची खिडकी पाहिजे होती, उजेड वाचायला चांगला म्हणून. मी म्हणायचो, उत्तरेला बसस्थानक आहे, वाचणार काय, नुसती गाड्यांची घोषणा ऐकणार. तू म्हणालास, "मंग तुह्यासाठी भिंत बांधू. तू भिंतीकडे तोंड करून वाच." तीन महिने आपण त्या खिडकीवरून बोलत नव्हतो जवळजवळ. न बांधलेल्या इमारतीच्या खिडकीवरून.

आता तिथे तीन मजली संकुल आहे. उत्तरेला खिडक्याच नाहीत, नुसती शटरं आहेत. वाचनालयाच्या दोन खोल्याही पुढे मालकानं काढून घेतल्या. पुस्तकं पोत्यांत भरून पालिकेच्या गोदामात गेली आणि तिथे वाळवीनं ती वाचली.

*

कादंबरीचं एकेक प्रकरण झालं की तू मला द्यायचास. मी चुका काढायचो आणि तू त्या मान्य करायचा नाहीस. व्याकरणाबद्दल तू म्हणायचास, "हे तुमचं पालिकेचं मराठी माह्या भास्कररावच्या तोंडात नको कोंबू."

भास्करराव हा तुझा नायक. बसस्थानकावर उन्हाळ्यात पाणी वाटणारा, मयतीला सगळ्यांत आधी पोचणारा, कोणाच्या घरात कोण आजारी हे डॉक्टरच्या आधी माहीत असणारा. तो हळूहळू नगराध्यक्ष होतो आणि तसाच हळूहळू गाव त्याच्या खिशात जातं. तू त्याला खलनायक केला नाहीस. मला ते आवडलं होतं. मी तुला म्हणालोही होतो, की हा माणूस वाईट वाटतच नाही. तू म्हणालास, "वाईट माणूस एवढं सारं एकटा करू शकत नसते. त्याले चांगले माणसं लागते." मी मान डोलावली. मला वाटलं, बोलायला छान वाक्य आहे.

मग सतरावं प्रकरण आलं.

दुपार होती, लाइट गेली होती, मशीन बंद. छापखान्याबाहेरच्या बाकड्यावर तू मला सहा कागद दिलेस आणि म्हणालास, "घरी नको नेऊ. इथंच वाच." एरवी तू असं सांगायचा नाहीस. मी वाचायला लागलो आणि तू दाराच्या चौकटीला टेकून तंबाखू मळत उभा राहिलास.

प्रकरणात एवढंच होतं. नगरपालिकेची सभा संपते. सदस्य चिवडा खाऊन निघून जातात. विषयपत्रिकेत दर वेळी शेवटी 'ऐनवेळचे विषय' असतात, म्हणजे आधी कोणाला न कळवलेले, अध्यक्षांच्या परवानगीनं तिथल्या तिथे येणारे. सभेचं इतिवृत्त लिहिणारा कारकून त्या मथळ्याखाली नेहमी चार-पाच ओळी कोऱ्या सोडतो. का सोडतो, तर त्याच्या आधीचाही सोडत होता. भास्करराव टेबलापाशी येतो, रुमालानं हात पुसत म्हणतो, "त्या ऐनवेळच्यात एक राहिलं बरं का," आणि ठरावाचा मजकूर सांगतो. वाचनालयाच्या जागेचं आरक्षण उठवावं, तिथे व्यापारी संकुल व्हावं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. सभेत यातलं काही झालेलं नसतं. कारकून पेनाची निब डोक्याच्या केसांना पुसतो, कोऱ्या ओळींत सुवाच्य अक्षरात लिहितो, शेवटी 'सर्वानुमते मंजूर' लिहितो आणि शिपायाला चहा सांगतो.

बस्. कारकुनाच्या नावाच्या जागी प्रत्येक ठिकाणी तू एक आडवी रेघ मारून ठेवली होतीस.

मी कागद नीट करत म्हणालो, "हा कारकून पटत नाही."

"काऊन?"

"माणूस असं करतो, तं काही कारण असते. कोणी पैसा देते, कोणी धमकी देते, पोरीचं लग्न असते. तू त्याले काहीच नाही देलं."

"कारण असतं तं लिहिलं नसतं का मी?"

"मंग वाचणाऱ्याले खरं वाटनार नाही."

"तुले वाटते का खरं?"

"नाही."

तू तंबाखू ओठाखाली ठेवलीस. मग मी, उगाच काहीतरी विचारायचं म्हणून, विचारलं, "नाव काऊन नाही टाकलं त्याचं?"

"नाव शेवटी बसवतो मी. मानपत्रासारखं."

"मी सांगू? हे प्रकरणच काढ. कादंबरी सुटसुटीत होते."

तू माझ्याकडे पाहिलंस. रागानं नाही. रागानं पाहिलं असतंस तर मी भांडलो असतो आणि भांडता भांडता तोंडून निघून गेलं असतं. तू फक्त म्हणालास, "ठेव मंग तुह्यापाशी," आणि आत गेलास. लाइट आली होती.

*

आता लिहितो. तू वाचणार नाहीस, पण तुला लिहिलेलं दुसरे वाचतील, म्हणजे एका अर्थी ते आधीपेक्षा कठीण आहे.

तो ठराव मी लिहिला होता. सभेचं इतिवृत्त तेव्हा माझ्याकडे होतं. कोऱ्या ओळी मीच सोडायचो. अध्यक्ष हात पुसत आले, त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. मला कोणी काही दिलं नाही. धमकी तर नाहीच; अध्यक्ष त्या दिवशी फार गोड बोलत होते. लिहिताना मला वाचनालय आठवलं, बोर्ड आठवला, तुझी वेलबुट्टीही आठवली असेल. पण हात थांबला नाही. मला तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की चार ओळींत मजकूर बसला पाहिजे. बसला. अक्षर चांगलं आलं म्हणून बरंही वाटलं.

तुला कसं कळलं हे मला सतरावं प्रकरण वाचताना कळलं. पालिकेची विषयपत्रिका तुझ्याच छापखान्यात छापली जायची, त्यामुळे तो विषय त्यात नव्हता हे तुला माहीत होतं. पण त्याहून मोठं म्हणजे, ज्याला मी अनुमोदक म्हणून लिहिलं, तो सदस्य त्या दिवशी सभेला आलाच नव्हता. तो उंद्रीला एका लग्नात होता. त्या लग्नाच्या पत्रिका तू छापल्या होत्यास, तुलाही आवतण होतं, आणि तुम्ही दोघं एकाच पंगतीत बसला होतात. तुझ्या कादंबरीत ठराव लिहिला जातो तेव्हा अनुमोदक दुसऱ्या गावी वाढप्याला आणखी जिलबी मागत असतो. ते वाक्य मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. तू दारात उभा होतास, तुला दिसलं असणार.

आणि निब. केसांना निब पुसणारा दुसरा कारकून आपल्या पालिकेत नव्हता.

खरं तर तू आधीही एकदा सांगितलं होतंस. माझ्या निवृत्तीचं मानपत्र. कारकुनांच्या मानपत्रात तुझं एक ठरलेलं वाक्य असायचं, 'त्यांच्या लेखणीने कधी वावगे अक्षर लिहिले नाही'. मी ते इतक्यांच्या निरोप समारंभात ऐकलं होतं, की मला पाठ होतं. माझं मानपत्र वाचलं जात असताना मी त्या वाक्याची वाट पाहिली. ते आलं नाही. बाकी सगळं होतं, कर्तव्यदक्ष होतं, दूरदृष्टी होती, ते एक वाक्य तू काढलं होतंस. बांधून ठेवलेल्या मजकुरातून एक ओळ काढायची म्हणजे किती उस्तवार करावी लागते, हे मी तुझ्याशेजारी बसून पाहिलेलं आहे. समारंभ संपल्यावर तू मला पेढा भरवलास. घरी मी ते मानपत्र भिंतीला लावलं. पाहुणे वाचतात, छान आहे म्हणतात. एवढी वर्षं मी त्या भिंतीवर फक्त न छापलेली ओळ वाचत आलो.

*

मी सांगितलं म्हणून तू प्रकरण काढलंस आणि कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाला पाठवलीस. चार महिन्यांनी परत आली. सोबतच्या पत्रात बोलीबद्दल दोन ओळी होत्या, 'ग्रामीण रंग किंचित भडक', त्यावर आपण हसलो. पण पुढे लिहिलं होतं, की कादंबरीच्या मध्यभागी जे रहस्य आहे ते घडताना कुठेच दिसत नाही, ठराव आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

तू ते पत्र मला दाखवलंस. "आभाळातून पडला म्हणते ठराव. तू काय म्हणतो, वसंता?"

मी म्हणालो, "पुण्याच्या लोकाइले नगरपालिका कुठं समजते."

तू मान डोलावून 'हाव' म्हणालास. मला तुझं ते 'हाव' अजून ऐकू येतं. त्यानंतर तू कादंबरी कुठे पाठवली नाहीस. मी दर दोन वर्षांनी विचारायचो, तू म्हणायचास, "अजून एक काम राह्यलं तिच्यात." मला वाटायचं, मनाची समजूत घालतोस.

अकोल्याच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटलो, तेव्हा दुपारी वॉर्डात बरीच माणसं होती. समोरच्या खाटेवरच्या माणसाच्या घरचे डबा उघडून बसले होते. तुझा आवाज गेला होता, पण चेष्टा गेली नव्हती. डोळ्यांनी नळ्यांकडे दाखवून म्हणालास, "पाहा, मलेच खिळ्यात बसवलं." मग थोड्या वेळानं विचारलंस, "सतरावं हाय?"

"हाय. कपाटात."

"वाळवी?"

"नाही. डांबरगोळ्या टाकल्या त्यात."

तू हसलास. हसताना खोकला आला. खोकला थांबल्यावर म्हणालास, "टिकवतो चांगलं तू. निघू देत नाही फक्त."

ती वेळ होती. तू जागा करून दिली होतीस, मी बोलायचं होतं. मी मोसंबी सोलायला घेतली. एकेक फोड सोलून तिच्या शिरा काढल्या, बिया काढल्या, सहा फोडी ताटलीत मांडल्या. तुला त्यातली एकही खाता येणार नव्हती, हे नर्सनं आल्या आल्या सांगितलं होतं. तू त्या ताटलीकडे पाहत राहिलास आणि मी गावाकडच्या गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडीला अजून एक तास होता, इस्माईल. मी स्टँडवर बसून होतो.

*

परवा तुझा चाळिसावा दिवस झाला. जेवणं झाल्यावर शबानानं मला छापखान्यात नेलं. ती पिंपळगाव राजा या गावी शाळेत शिकवते, त्यामुळे तिला गठ्ठे तपासायची सवय आहे. कादंबरीचा गठ्ठा तू मशीनच्या खालच्या फळीवर ठेवला होतास, सुतळीनं बांधून.

"काका, अध्यक्षांचा माणूस दोनदा येऊन गेला. म्हणते, प्रकाशन सोहळ्याची तारीख धरायची आहे, मंत्री बोलवायचे आहेत. मी म्हटलं, काका पाहून देतील."

"मी काय पाहणार?"

"हे पाहा ना. सोळानंतर एकदम अठरा आहे."

मी म्हणालो, आकडा चुकला असेल. ती म्हणाली, "अब्बाचा?"

बरोबर होतं तिचं. तू एक पान जरी काढलंस तरी पुढचे सगळे आकडे खोडून नव्यानं घालायचास. मी तुला त्यावरून चिडवायचो. प्रत्येक कागदावर चार-चार खोडलेले आकडे आहेत. शबानानं मला दाखवलं, अठराचाही आकडा तू नंतर पुन्हा ठळक केला होतास, ताज्या शाईनं. पुण्याहून परत आल्यानंतरची शाई. म्हणजे तू म्हणायचास ते राहिलेलं काम हेच होतं. तू प्रकरण काढलंस, पण त्याची जागा बुजवली नाहीस. इतकी वर्षं तू माझी वाट पाहत होतास, आणि मी तुला विचारत होतो, काय रे, कादंबरी कुठे पाठवणार.

मी घरी आलो, कपाट उघडलं, सहा कागद काढले. मला भीती वाटली हे लपवत नाही. मुलगा आणि सून आहेत, नातवाला शाळेत लोक ओळखतात. पेन्शनचं कोणी काही करणार नाही असं वाटतं, पण पालिकेत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला 'वाटतं' या शब्दावर विश्वास नसतो. अध्यक्ष हे छापणार नाहीत, हे तर उघड आहे. सोळानंतर अठरा गेलं, तर सोहळा होईल, मंत्री येतील, तुझं नाव होईल, शबानाला शाल मिळेल. हा विचार मी प्रामाणिकपणे, दोन कप चहा होईपर्यंत केला.

मग पेन घेतलं. निब पुसायला हात डोक्याकडे गेला. तिथे आता केस नाहीत. शर्टाला पुसली. तुझ्या आडव्या रेघा मोजल्या नव्हत्या कधी, अकरा निघाल्या. पहिल्या रेघेवर नाव लिहायला वेळ लागला. वसंत इंगळे. बाकीच्या दहा भरभर भरल्या. अक्षर चांगलं आलं नाही.

काल ते शबानाला दिलं. ती छापखान्यातल्या तुझ्या स्टुलावर बसली आणि वाचायला लागली. मी बाकड्यावर बसलो, त्याच. मला वाटलं होतं ती पहिल्या नावाशी थांबेल. ती थांबली नाही. सहाही कागद शांतपणे वाचले, तपासायचे पेपर वाचावेत तसे. मग मान वर न करता विचारलं, "हे नाव अब्बानं टाकलं?"

"नाही. अक्षर माझं आहे."

बाहेर कोणीतरी मानपत्र मिळेल का विचारत आलं, तिनं बंद आहे म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "काऊन, काका?"

बघ, मी तयारी केली होती. रात्रभर नाही, गेली कित्येक वर्षं केली होती. तेव्हा दिवस तसे होते, अध्यक्षांपुढे कोण बोलणार, आपण नाही लिहिलं तर दुसरा लिहितो, सगळं माझ्याजवळ होतं. ती तुझी मुलगी आहे. तिच्या डोळ्यांसमोर त्यातलं एकही टिकलं नसतं.

मी म्हणालो, "काही कारण नव्हतं, बाई."

तिनं सहा कागदांच्या कडा जुळवल्या, गठ्ठ्याची सुतळी सोडली, ते सोळा आणि अठराच्या मध्ये ठेवले आणि सुतळी परत बांधली. घट्ट, दुहेरी गाठ मारून. मग विचारलं, "अध्यक्षांच्या माणसाले काय सांगू?"

"सांग, कादंबरीत एक प्रकरण वाढलं. वाचून पाहा म्हणा आधी."

ती तुझ्यासारखं हसली. हसताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिनं मला चहा विचारला नाही, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा आपला वाद संपला, इस्माईल. तुझं बरोबर होतं. त्या कारकुनाला काही कारण नव्हतं आणि तो खरा वाटतो.